दिनकरचं देवदर्शन

"ताई, मोबाईल," असं म्हणून त्या पैलवान गड्यानं माझ्यापुढं प्लास्टिकची टोपली धरली. भाजीवाल्याकडं असते तसली हिरवी टोपली. त्यात आधीच बरेच मोबाईल पडले होते, प्रत्येकाला रबरानं चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर नगरसेवकाचं नाव. मी बसमधून उतरत होते, एक पाय पायरीवर आणि एक जमिनीवर.

"कशाला?" मी विचारलं.

"आप्पांनी सांगितलंय. उद्या मतदान झालं की ज्याचा त्याला परत."

माझ्या मागं बाबर मास्तर उभे होते. मला वाटलं, आता हे काहीतरी खणखणीत बोलणार. तीन वेळा निवडून आलेला माणूस, भर सभागृहात आयुक्तांना खाली बसवलेला. पण मास्तरांनी मुकाट झोळीतनं आपला फोन काढला आणि टोपलीत ठेवला. मग मी ठेवला, माझ्यामागनं शहनाजनं ठेवला. 

ही रीत बाहेरच्या माणसाला सांगितली तर हसतो. महापौराची निवड जवळ आली की नगरसेवकांना बसमध्ये घालून लांब कुठल्यातरी रिसॉर्टवर न्यायचं आणि मतदानादिवशी थेट सभागृहात आणून उतरवायचं, म्हणजे मधल्या वेळात कुणी कुणाला फोडायला नको. पेपरवाले त्याला सहल म्हणतात. सहल कसली डोंबलाची. फाटकाला कुलूप होतं आणि कुलपाशी चार माणसं खुर्च्या टाकून बसली होती.

आम्ही तिघं एका आघाडीचे. मास्तर आमचे गटनेते. आमचं शहर यंत्रमागांचं, आणि मास्तरांनी मागवाल्यांसाठी रात्रशाळा काढली होती, त्या शाळेत मी सुताच्या कांड्या भरायचं काम संपवून अक्षरं शिकले. माझा नवराही तिथलाच. नवऱ्याला मालक म्हणायचं नाही, नाव घेऊन हाक मारायची, हे मास्तरांनीच आम्हा बायकांना शिकवलं. पहिल्यांदा मी त्याला 'दिनकर' अशी हाक मारली तेव्हा सासूनं दोन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. शहनाज मुजावर माझ्यापेक्षा लहान, पहिल्यांदाच निवडून आलेली, घरी ती आणि तिचा म्हातारा बाप.

महापालिकेत दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आल्या होत्या आणि पारडं आमच्या तिघांवर अडलं होतं. एका बाजूला आप्पा खराडे. त्यांनी आपल्या भावजयीला, कुमुदवहिनींना, महापौरपदासाठी उभं केलं होतं. दुसऱ्या बाजूला डॉक्टर चौगुलेबाई, त्यांची दोनच माणसं जास्त; आम्ही तिघंही आप्पांकडं गेलो तरच ते एका मतानं जिंकणार होते. आम्ही जायला हवं होतं चौगुलेबाईंकडं, पण त्यांच्या पक्षाची वरची माणसं मास्तरांना महिनाभर दारात उभं करत नव्हती. आप्पा मात्र स्वतः चालत मास्तरांच्या घरी आले. म्हणाले, तुम्ही मागाल ते देतो.

मास्तरांनी एकच मागितलं. आमच्या वॉर्डात महापालिकेचं प्रसूतिगृह आहे. माझ्या दोन्ही मुली तिथल्या. मागवाल्यांच्या निम्म्या शहराची बाळंतपणं तिथं होतात, आणि ती जागा बसस्टँडच्या तोंडावर असल्यामुळं सगळ्यांचा तिच्यावर डोळा. ती जागा विकायची नाही, असा शब्द आप्पांनी दिला. मला तो शब्द पटला नव्हता. मी मास्तरांना तसं म्हटलंही. पण तिघांत दोघं एका बाजूला झाले की तिसऱ्यानं ऐकायचं, हे आमचं ठरलेलं होतं.

दुपारी जेवायला बसलो. लांब टेबलं लावलेली, मटणाचं ताट, बासुंदी. माझ्या समोर आप्पांच्या गटातला एक जाडजूड नगरसेवक बसला होता. माणूस तसा मोकळा. दोन वाट्या तांबडा रस्सा पिऊन खुशीत आला आणि मला म्हणाला, "वाघचौरेताई, तुमचा वॉर्ड आता काय ओळखू येत नाही बघा. एवढा मोठा मॉल."

"कुठला मॉल?"

"दवाखान्याच्या जागेवर. पहिल्याच सभेत विषय येतोय की. तुम्हाला माहीत नाही?"

शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं. तो भाकरी कुस्करायला लागला.

मी तोंडाची फटकळ, आता साठीला आले तरी तशीच आहे. जागेवरनंच उभी राहिले आणि पार टेबलाच्या टोकाला आप्पा बसले होते त्यांना ऐकू जाईल असं बोलले, "आप्पा, प्रसूतिगृहाची जागा विकायची ठरली असेल तर उद्या माझा हात वर व्हायचा नाही. आत्ताच सांगून ठेवते."

सगळ्यांचे घास हातात राहिले. आप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. वाढप्याच्या हातातनं बासुंदीचं भांडं स्वतः घेतलं, चालत माझ्यापाशी आले आणि माझ्या वाटीत बासुंदी वाढली. "ताई, जेवताना राजकारण नको. अंगाला लागत नाही," एवढंच म्हणाले.

मास्तर खाली मान घालून जेवत होते. मी खोलीत गेल्यावर शहनाज म्हणाली, "तुम्ही असं सगळ्यांदेखत बोलायला नको होतं, भाभी." मी म्हटलं, मग काय कानात सांगायचं होतं? पण तिचं बरोबर होतं. फाटकावर चारच्या जागी सहा माणसं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही व्हरांड्यात चहा घेत होतो. बस तयार उभी होती. आप्पा आले, पांढरे शुभ्र कपडे, कपाळाला गंध. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले.

"झोप लागली ना ताई?"

"लागली."

"घरची काळजी करू नका. दाजींना पहाटेच आपल्या गाडीनं घाटावरच्या देवीला पाठवलंय. सोबत आपली तीन पोरं आहेत. छान दर्शन घेतील, जेवतील. इकडचं सगळं नीट पार पडलं की घरी आणून सोडतील."

असं बोलले की कुणाला वाटावं, सख्खा भाऊच बोलतोय.  मी हातातला कप खाली ठेवला.

दिनकर आणि देवदर्शन? दसऱ्याला मागाला नारळ फोडायचा असला तरी हा कारखान्याबाहेर जाऊन उभा राहायचा. लग्नातसुद्धा सत्यनारायण घातला नाही म्हणून माझा बाप चार वर्षं आमच्याकडं आला नव्हता. तो माणूस पहाटे उठून, परक्या माणसांच्या गाडीत बसून देवीला जाईल? हातपाय बांधल्याशिवाय जायचा नाही. मुलींना मी आठवड्यापूर्वीच माझ्या आईकडं ठेवलं होतं, घरात तो एकटाच होता.

"मला त्याच्याशी बोलायचंय," मी म्हटलं. 

"बोला की." आप्पांनी स्वतःच्या फोनवरनं नंबर लावला आणि फोन माझ्या कानाला दिला. पलीकडनं कुणी पोरगा बोलला, "दाजी रांगेत आहेत ताई. आत फोन नेऊ देत नाहीत." मागं घंटा वाजत होत्या का, हे मी कान देऊन ऐकलं. वाजत नव्हत्या. वाऱ्याचा आवाज येत होता.

आप्पांनी फोन घेतला आणि खिशात टाकला. "चला, उशीर होईल," म्हणाले.

मी आजवर तीन निवडणुका लढले, दोनदा लाठ्या खाल्ल्या, एकदा महिनाभर तुरुंगात बसले. पण त्या सकाळी जी भ्याले तशी पुन्हा कधी भ्याले नाही.  डोळ्यापुढं सारखा घाटाचा रस्ता यायचा आणि कठडा. दिनकरला पोहता येत नाही, असंही काहीतरी मनात येत होतं. घाटात पोहण्याचा काय संबंध, पण येत होतं.

मास्तर खिडकीपाशी बसले होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि पदर तोंडावर धरून सगळं सांगितलं. मास्तरांनी विचारलं, "गाडीत किती जण?"

"तीन, म्हणाले."

"आणि शहनाजच्या वडलांचं काय?"

"आप्पांनी तिलाही सांगितलंय, दारात एकजण बसवलाय म्हणे. सोबतीला."

मास्तर खिडकीतनं बाहेर बघायला लागले. बस उसाच्या फडांमधनं चालली होती. मग माझ्याकडं न बघताच ते म्हणाले, "सिंधू, तू हात वर करायचास. कुमुदवहिनींसाठी. पहिल्या झटक्याला, आप्पांना दिसेल असा. शहनाजलाही तेच सांग."

"आणि दवाखाना?"

"दवाखान्याचं नंतर बघू."

"नंतर काय बघायचं मास्तर? पहिल्याच सभेत विषय आहे."

"मी गटनेता म्हणून सांगतोय. आदेश समज हवं तर. हात वर करायचा."

मला त्यांचा संताप आला, आणि त्याहून मोठं म्हणजे हायसं वाटलं. खरं सांगते, हायसं वाटलं. मनातून मला तेच हवं होतं ना. दिनकर परत यावा, मग दवाखान्याची जागा जाऊ दे कुठंही. पण ते मास्तरांच्या तोंडून ऐकल्यावर मला रडूच आलं. मी म्हटलं, "तुम्ही पण भ्यालात ना शेवटी?"

"भ्यालोय," मास्तर म्हणाले. "आता जाऊन शहनाजपाशी बस. इथं बसू नकोस."

सभागृहात आम्हाला बसमधनं थेट नेलं. दोन्ही बाजूंनी आप्पांची माणसं हाताची साखळी करून उभी. वर प्रेक्षकांच्या गॅलरीत हीच तोंडं. आमच्या जागा ठरलेल्या, पुढच्या रांगेत मास्तर, त्यांच्यामागं मी आणि शहनाज. पलीकडच्या बाजूला डॉक्टर चौगुलेबाई बसल्या होत्या, माझी धाकटी पायाळू होती तेव्हा हात घालून फिरवणाऱ्या. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी टेबलाकडं बघत राहिले.

जिल्हाधिकारी अध्यक्षस्थानी. त्यांनी नावं वाचली आणि अर्ज मागं घ्यायला पंधरा मिनिटं दिली. तसा नियम आहे. कुणी मागं घेणार नव्हतंच, नुसतं बसायचं. त्या पंधरा मिनिटांत मी काय काय कबूल केलं नसेल. देव मानत नव्हते तरी त्या घाटावरच्या देवीला म्हटलं, बाई, तुझ्यापर्यंत त्याला पोचू दे तरी. पंख्याचा आवाज होता आणि शहनाजच्या बांगड्या वाजत होत्या. तिचा हात माझ्या हातात होता, गार पडलेला.

"कुमुद खराडे यांच्या बाजूनं असलेल्या सदस्यांनी हात वर करावेत."

मी हात वर केला. झटक्यानं केला, पदर खांद्यावरनं घसरला तरी तसाच ठेवला. आप्पा सदस्य नव्हते, वर गॅलरीत पहिल्या खुर्चीत बसले होते. त्यांनी माझा हात बघितला आणि हळूच मान हलवली. शहनाजचाही वर होता. महापालिकेचे दोन कारकून रांगेरांगेनं नावं टिपत येत होते.

मग माझी नजर खाली आली. माझ्यापुढं मास्तरांची पाठ होती, खादीचा तोच विटलेला सदरा. दोन्ही हात मांडीवर होते.

मला वाटलं यांना ऐकू आलं नाही. मी मागनं त्यांच्या खुर्चीला पाय लावला. ते हलले नाहीत. कारकून त्यांच्यापाशी थांबला, परत एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि पुढं गेला.

"डॉक्टर नलिनी चौगुले यांच्या बाजूनं असलेल्या सदस्यांनी हात वर करावेत."

मास्तरांनी हात वर केला. नुसता हात वर करून भागलं नाही, खुर्ची मागं सारून उठून उभे राहिले. वर्गात हजेरी देताना पोरं राहतात तसे. सगळं सभागृह त्यांच्याकडं बघत होतं आणि गॅलरीतले आप्पाही. आता माझ्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

चौगुलेबाई एका मतानं निवडून आल्या. मग जो दंगा झाला त्यात माईक तुटला, कागद उडाले, पोलीस आत आले. आप्पा मात्र गॅलरीत शांत उभे होते. त्यांनी उपरणं सारखं केलं आणि लांबूनच मास्तरांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला. तो नमस्कार मला अजून आठवतो आणि अजून अंगावर काटा येतो.

मी घराकडं पळत सुटले. कुलूप होतं. शेजारणीच्या पायरीवर बसले. तिनं चहा आणला तो निवून गेला. ऊन कलायला लागलं तेव्हा गल्लीच्या तोंडाला पांढरी जीप थांबली आणि दिनकर उतरला. धडधाकट. कपाळाला मळवट भरलेला, हातात प्रसादाची पिशवी आणि अर्धा नारळ.

"तू कधीपासनं नवस बोलायला लागलीस गं?" हे त्याचं पहिलं वाक्य.

"मी? कसला नवस?"

"ती पोरं पहाटे आली. म्हणाली, ताईंनी देवीला नवस बोललाय, दाजींनी येऊन फेडायचाय, तसा निरोप दिलाय. म्हटलं, बाई तिकडं एकटी, घाबरली असेल, म्हणून बोलली असेल. तुझ्यासाठी गेलो. नाहीतर मी जातोय होय?"

मी त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी मारलं आणि तिथंच रडले. तो बिचारा कावराबावरा झाला. शेजारीण म्हणाली, आत तरी जा.

आत आल्यावर तो सांगत होता. पोरं चांगली होती, वाटेत भजी खायला घातली, दर्शन झटपट झालं. "फक्त येताना मध्येच घाटात त्या मोठ्या वळणावर गाडी लावली आणि बसलो. तासभर नुसते बसलो. मी विचारलं, का थांबलोय? तर म्हणाले, फोन येईल, मग कुठं जायचं ते ठरेल. मला वाटलं आणखी एखादं देऊळ असेल. मग फोन आला. त्यानं विचारलं, 'बाईंनी काय केलं?' मग 'बरं' म्हणाला आणि गाडी इकडं वळवली."

हे सांगताना तो प्रसादाचा पेढा खात होता. मी त्याला काही सांगितलं नाही. पुढं दोन वर्षांनी सांगितलं, तेव्हा तो उठून मोरीत जाऊन ओकला.

पेपरवाल्यांनी आठवडाभर मजा केली. गटनेत्यानं आदेश काढायचा आणि गटनेत्यानंच मोडायचा, असं कधी झालं नव्हतं म्हणे. कुणी मास्तरांना विकला गेलेला म्हटलं, कुणी म्हातारचळ म्हटलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दूध घेऊन येत होते, तेव्हा तोंडाला फडकी बांधलेल्या चौघांनी त्यांना त्यांच्याच गल्लीत गाठलं. दोन्ही पाय मोडले. कुणी बघितलं नाही. भर सकाळची गजबजलेली गल्ली, पण कुणीच बघितलं नाही.

त्यानंतर मास्तर काठीशिवाय चालले नाहीत आणि निवडणुकीला उभे राहिले नाहीत. आमच्या आघाडीचं पुढं जे काही झालं ते मी आणि शहनाजनं केलं. प्रसूतिगृह आहे तिथंच आहे.

सरकारी दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेले, तेव्हा दोन्ही पाय प्लास्टरमध्ये टांगलेले होते. मी मोसंबी सोलत बसले. थोड्या वेळानं मला राहवेना.

"मास्तर, बसमध्येच मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू हात वर केला असतास?"

 केला नसता. बसमध्ये भ्याले होते, पण मास्तर खाली हात ठेवणार आहेत हे कळलं असतं तर माझाही खालीच राहिला असता, आणि वळणावर थांबलेल्या त्या गाडीला वेगळा फोन गेला असता.

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की. तुला म्हटलं ना बसमध्ये. उभा राहिलो तेव्हा पाय थरथरत होते, म्हणून तर टेबल धरलं." मास्तरांनी मोसंबीची एक फोड घेतली आणि नुसती हातात धरून ठेवली. "पण मी बसमध्ये हिशेब केला. शहनाजचा बाप आहे, तुझा दिनकर आहे. माझ्या घरी देवदर्शनाला न्यायला कोण होतं, सिंधू? ही गेली त्याला अकरा वर्षं झाली. लेकरू नाही. रोज संध्याकाळी कुलूप काढून आत जायचं जिवावर यायचं बघ मला. त्या रिकाम्या घराचा कधी कुणाला उपयोग होईल असं वाटलं नव्हतं."